रजोनिवृत्ती आणि कॉफीचा पेला

महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवू लागल्याला मला पुष्कळ वर्षे झाली. हृदय, यकृत, मूत्रपिंड, अंतःस्रावी ग्रंथी असे सारे काही आम्ही वर्गात शिकवतो. पण पुस्तकातले एक पान असे आहे की ते आले म्हणजे शिकवणाराही जरा घाई करतो आणि ऐकणारेही मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत बसतात. ते पान रजोनिवृत्तीचे. मीही अनेक वर्षे ते पान दहा मिनिटांत उरकत आले. मग एके दिवशी ते माझ्याच अंगावर उलटले.

पावसाळ्याचे दिवस होते. डोक्यावर पंखा फिरत होता, बाहेर गार वारा होता. मी फळ्याजवळ उभी असताना छातीतून एकाएकी गरम वाफ वर चढू लागली. मान, कान, चेहरा सारे तापले, कपाळावर घाम आला, खडू ओला झाला. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मॅडम, बरं वाटत नाही का?" मी "काही नाही, उकडतंय," असे म्हणून वेळ मारून नेली. खोटे बोलले असे म्हणता येणार नाही. पण शिक्षिकेने दिलेले ते उत्तर नव्हते, हे मात्र खरे.

स्टाफरूममध्ये ही गोष्ट दबक्या आवाजात निघाली, तेव्हा एका ज्येष्ठ बाईंनी लगेच सांगितले, "आधी ती कॉफी बंद करा. उष्ण असते." दुसऱ्या म्हणाल्या, "छे हो, मला तर कॉफीनेच तरतरी येते. तिच्याशिवाय दिवस ढकलता येत नाही." दोघीही स्वतःच्या अनुभवावरून बोलत होत्या. मग खरे काय? त्या प्रश्नाचा मी जो थोडाबहुत अभ्यास केला, तो या लेखात मांडत आहे.

आमच्या घरातली कॉफी

आम्ही अंबरपेठेत राहतो. आमच्या इमारतीत तेलुगू, उर्दू, कन्नड, मराठी अशी सगळ्या भाषांची बिऱ्हाडे आहेत. हैदराबाद हे मुळात चहाचे गाव. इराणी हॉटेलातला चहा ही इथली खरी ओळख, आणि आम्हा मराठी लोकांच्या घरीही चहाचेच आधण. कॉफी आमच्याकडे व्हायची ती पाहुणे आले म्हणजे, जायफळ-वेलदोडा घालून. मला रोजच्या कॉफीची गोडी लावली ती खालच्या मजल्यावरच्या अक्कांनी. त्यांचे माहेर चिकमगळूरकडचे, म्हणजे थेट कॉफीच्या मळ्यांतले. सतराव्या शतकात बाबा बुडन या सूफी साधूने येमेनमधल्या मोखा बंदराहून सात बिया लपवून आणल्या आणि त्या तिथल्या डोंगरावर लावल्या, अशी आख्यायिका आहे. अक्का ती घरातल्या आजोबांची गोष्ट सांगावी तशा सांगतात. पितळी फिल्टरमधून थेंबथेंब गळालेले डिकॉक्शन, त्यात उकळते दूध, आणि स्टीलचा 'लोटा'. (मराठी वाचकांसाठी सांगते, कन्नडमधला लोटा म्हणजे आपला पेला. आमच्या मासिकाच्या कन्नड विभागातील मित्रांना हे सांगायला नको.) सकाळी एक आणि संध्याकाळी सहाला एक असे दोन लोटे हळूहळू माझेही ठरून गेले.

पाळी जाते म्हणजे काय होते?

सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे वैद्यकशास्त्र मानते. भारतीय स्त्रियांत हे वय सरासरी ४६-४७ च्या आसपास, तर पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास असते. पण ही काही एका रात्रीत घडणारी घटना नाही. तिच्या आधी काही वर्षे संधिकाळ असतो. अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक कधी भरती तर कधी ओहोटी असे वागते आणि शेवटी फार कमी होते. पाळी लांबते, किंवा लवकर येते, किंवा अतिशय जास्त जाते.

गरम वाफा येतात त्या याच चढउतारामुळे. मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात शरीराचे तापमान सांभाळणारी यंत्रणा असते. एरवी शरीराचे तापमान थोडेसे, म्हणजे एका अंशाच्या काही दशांशांनी वरखाली झाले तरी ती तिकडे दुर्लक्ष करते. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर तेथील काही चेतापेशी अतिउत्तेजित होतात आणि दुर्लक्ष करण्याचा तो पट्टा अगदी अरुंद होतो. मग जराशा फरकानेही यंत्रणा "फार तापले" अशी हाकाटी करते, त्वचेच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम सुटतो. एक वाफ साधारण काही मिनिटांत ओसरते. पण हा त्रास अनेक स्त्रियांना बरीच वर्षे पुरतो. अमेरिकेत स्त्रियांचा दीर्घकाळ पाठपुरावा करून केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तो सरासरी सात वर्षांहून अधिक काळ टिकल्याचे आढळले. तेव्हा "चार दिवस सहन कर" असे सांगणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पेल्यात असते काय?

कॉफीत शेकडो द्रव्ये असतात, पण आपल्या प्रश्नापुरते मुख्य म्हणजे कॅफीन. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुंगे यांनी ते १८१९ च्या सुमारास प्रथम वेगळे काढले. आपण जागे असताना मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते आणि "आता थकलास, नीज" असा निरोप देते. कॅफीन त्या निरोपाच्या दारात जाऊन बसते. निरोप आत पोचत नाही, म्हणून तरतरी वाटते. थकवा मात्र गेलेला नसतो, तो फक्त कळत नाही. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

किती कॅफीन पोटात जाते याचा हिशेब करण्यासाठी मला लांब जावे लागले नाही. अंबरपेठेहून उस्मानिया विद्यापीठाच्या बाजूने तार्नाक्याला गेले की राष्ट्रीय पोषण संस्था लागते. १९१८ साली कुन्नूरला मॅक्कॅरिसन यांच्या एका खोलीतल्या प्रयोगशाळेतून सुरू झालेली ही संस्था १९५८ साली हैदराबादला आली. तिने २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तीत दिलेले आकडे असे: १५० मिलिलिटर फिल्टर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, आणि चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. दिवसभरात ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असे संस्था सांगते. म्हणजे "मी कॉफी पीत नाही हो," असे म्हणून दिवसाला सात कप चहा घेणारी बाई त्या मर्यादेपर्यंत सहज पोचते. उलट आपल्या पुडीतल्या कॉफीत चिकोरी मिसळलेली असते आणि चिकोरीत कॅफीन मुळीच नसते. तेव्हा लोटे किती हे मोजणे पुरेसे नाही; डिकॉक्शन किती, दूध किती आणि चिकोरी किती, हेही पाहावे लागते.

कॉफीने वाफा वाढतात का?

अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये २००५ ते २०११ या काळात स्त्रियांकडून प्रश्नावल्या भरून घेण्यात आल्या. त्यांतील १,८०६ स्त्रियांच्या माहितीचे विश्लेषण २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. कॅफीन घेणाऱ्या स्त्रियांना गरम वाफा आणि रात्रीचा घाम यांचा त्रास काहीसा अधिक आढळला. मात्र ज्यांची पाळी अजून पूर्ण गेलेली नव्हती, त्या संधिकाळातील स्त्रियांत कॅफीन घेणाऱ्यांना मनाची अवस्था, स्मरणशक्ती आणि एकाग्रता यांच्या तक्रारी कमी होत्या. म्हणजे आमच्या स्टाफरूममधल्या दोन्ही बाईंच्या म्हणण्यात तथ्य होते!

पण विद्यार्थीमित्रहो, येथे जरा थांबावे. ही एकाच वेळी भरलेली प्रश्नावली आहे, प्रयोग नव्हे. कॉफीने वाफा वाढल्या, की वाफांनी झोप उडालेल्या बाईने सकाळी जागे राहण्यासाठी कॉफी वाढवली, हे अशा पाहणीवरून ठरवता येत नाही. शिवाय दोन गटांतला फरकही फार मोठा नव्हता. म्हणून "कॉफीने वाफा येतात" असे विधान करणे चूक. "काही स्त्रियांत कॉफीने वाफांची भर पडत असावी" इतकेच म्हणता येते. कोणाला पडते आणि कोणाला नाही, हे ज्या त्या स्त्रीलाच पाहावे लागेल.

मी मात्र शास्त्र बाजूला ठेवून पहिली चूक केली. ज्येष्ठ बाईंचा सल्ला ऐकून एका सोमवारी कॉफी एकदम बंद केली. मंगळवारी दुपारपासून डोके असे ठणकू लागले की बुधवारी रजा टाकावी लागली. हा काही रजोनिवृत्तीचा प्रताप नव्हता. रोजचे कॅफीन एकदम तोडले की साधारण १२ ते २४ तासांत डोकेदुखी, चिडचिड, मरगळ सुरू होते आणि ती काही दिवस टिकते. कमी करायचीच असेल तर आठवड्याला अर्धा-एक पेला अशी उतरवावी.

झोपेचा हिशेब

वाफांबाबत पुरावा संदिग्ध असला तरी झोपेबाबत तो बराच स्पष्ट आहे. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मे शरीराबाहेर पडायला सरासरी पाच तास लागतात. कोणाला तीन, कोणाला सात. संध्याकाळी सहाला घेतलेल्या लोट्यातले अर्धे कॅफीन रात्री अकराला रक्तात फिरतच असते. हे काम यकृतातील एक विकर करते, आणि इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी ते मंदावते. म्हणून संप्रेरकांचे उपचार घेणाऱ्या स्त्रियांत कॅफीन आणखी रेंगाळते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात निजण्याच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिले, तरी निरोगी माणसांची झोप तासाभराहून अधिक कमी झाली.

रजोनिवृत्तीत झोप आधीच घामाने मोडलेली असते. वर कॅफीन. मग सकाळी डोळे जड, म्हणून आणखी एक पेला. त्या पेल्याने पुढची रात्र बिघडते. हे चक्र आहे. त्यात लघवीसाठी उठण्याची भर पडते, कारण या वयात मूत्रमार्गाच्या ऊती नाजूक होतात आणि कॅफीनने घाईची लघवी वाढू शकते.

मी एक साधी वही केली. दोन आठवडे रोज लिहिले: कॉफी किती वाजता, वाफा किती, रात्री किती वेळा जाग. पुढचे दोन आठवडे सहाचा लोटा दुपारी दोनला आणला, बाकी काही बदलले नाही. दिवसाच्या वाफा जवळजवळ तितक्याच राहिल्या. रात्रीची जाग मात्र तीन-चार वेळांवरून एक-दोन वेळांवर आली. एका बाईच्या वहीला शास्त्र म्हणत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या प्रश्नाला माझ्यापुरते उत्तर मिळाले, आणि ते "कॉफी सोड" असे नव्हते, "वेळ बदल" असे होते.

अक्कांचा थकवा

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती सांगते. अक्का माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. वर्षभर त्यांची पाळी दहा-दहा दिवस जात होती. जिना चढताना दम लागायचा, चेहरा पांढुरका दिसायचा. विचारले की म्हणायच्या, "वय झालं मॅडम, आता जायची वेळ आली की असंच होतंय म्हणतात." आणि थकवा आला की एक लोटा. न्याहारीच्या इडलीबरोबर एक, जेवण उरकले की लगेच एक, असे पाच-सहा लोटे होत. प्रत्येक लोट्यानंतर त्यांना अर्धा तास बरे वाटे.

एका संध्याकाळी गच्चीवर वाळवण काढायला गेल्या आणि पायरीवरच चक्कर येऊन बसल्या. दवाखान्यात रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ७.४. स्त्रीमध्ये ते १२ च्या खाली गेले की रक्तक्षय, आणि ८ च्या खाली तो तीव्र समजतात. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. वर्षभराचा थकवा वयाचा नव्हता, रक्त वाहून गेल्याचा होता. अ‍ॅडेनोसिनचा निरोप कॅफीनने दाराशी अडवून धरला होता, इतकेच.

त्यात कॉफीचा आणखी एक दोष होता. कॉफी आणि चहातील टॅनिनसारखी द्रव्ये अन्नातील लोहाला पोटात बांधून टाकतात. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जेवणाबरोबर कॉफी घेतल्यास लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी, आणि चहा घेतल्यास ६४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने काही बिघडले नाही. तासाभराने नंतर घेतलेलीने मात्र तितकेच बिघडले. शाकाहारातील लोह आधीच कमी शोषले जाते, म्हणून आपल्याला हे विशेष लागू. जेवणाच्या आधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळावी असे तार्नाक्याची मार्गदर्शिकाही सांगते. माझे म्हणणे, जेवणानंतर दोन तास गेले तर उत्तम. ताटात लिंबाची फोड किंवा आवळा असेल तर लोह अधिक शोषले जाते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे अक्का एकट्या नाहीत, बहुसंख्येत आहेत.

हाडे आणि दूध

इस्ट्रोजेन गेल्यावर पहिल्या काही वर्षांत हाडे झपाट्याने विरळ होतात, आणि कॅफीनमुळे लघवीवाटे थोडे कॅल्शियम जाते. म्हणून कॉफीला हाडांची शत्रू म्हणतात. पण हे नुकसान फार लहान आहे. एका कपामागे दोन-एक चमचे दूध जास्त घेतले तरी ते भरून निघते असे अभ्यासकांनी दाखवले आहे. स्वीडनमध्ये ६१,४३३ स्त्रियांच्या अभ्यासात (२०१३) रोज चार किंवा अधिक कप पिणाऱ्यांच्या हाडांची घनता दोन ते चार टक्क्यांनी कमी दिसली, परंतु हाडे मोडण्याचे प्रमाण वाढले नव्हते. आपला लोटा तर निम्म्याहून अधिक दुधाचाच. खरा प्रश्न कॉफीचा नाही, ताटाचा आहे. रजोनिवृत्तीनंतर स्त्रीला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे. मुलांना दूध, नवऱ्याला दही आणि स्वतःला ताक, या घरगुती वाटपात ते कसे मिळणार? नाचणी, तीळ, पालेभाज्या यांची भर घालावी. कन्नड घरातल्या रागीच्या मुद्देला उगाच डोक्यावर घेतलेले नाही!

मग करावे काय?

कॉफी सोडा, असे मी कोणाला सांगणार नाही. दिवसाला दोन, फार तर तीन पेले, शेवटचा दुपारी दोन-तीनच्या आत, जेवणापासून दूर. थायरॉइडची गोळी घेत असाल तर ती पाण्याबरोबर घ्यावी आणि कॉफी अर्ध्या-एक तासाने. लोहाची गोळीही कॉफीबरोबर घेऊ नये. साखर मोजून. कॉफीने छातीत धडधडत असेल तर कमी करावी. आणि माझ्यासारखी एक वही ठेवावी.

मात्र काही गोष्टी वहीत लिहून थांबायच्या नाहीत. पाळी फार जात असेल, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्त जात असेल, किंवा वर्षभर पाळी बंद राहिल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर तडक स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. ते शेवटचे लक्षण तर एकदाच दिसले तरी पुरे. वाफांनी जगणे अवघड झाले असेल तर त्यावरही आज उपाय आहेत, संप्रेरकांचे आणि संप्रेरकांविना असेही. कोणता कोणाला योग्य हे डॉक्टर ठरवतील. सहन करणे हा त्यांपैकी उपाय नव्हे.

अक्कांची गाठ काढली. सहा-सात महिन्यांनी हिमोग्लोबिन अकराच्या वर आले. अजूनही त्या फिल्टर लावतात, पण लोटे दोनच. परवा दुपारी दोनला आम्ही दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. अक्का म्हणाल्या, "मॅडम, एवढं शिकवता तुम्ही, माझा चेहरा वर्षभर बघत होता. एकदा तरी ओरडायचं होतं की माझ्यावर." मला उत्तर देता आले नाही.

या वर्षी ते पान मी दहा मिनिटांत उरकले नाही. दोन तास घेतले, आणि मुलगेही मान वर करून ऐकत होते. विद्यार्थीमित्रहो, तुमच्या घरी आई, काकू, अक्का कोणी असतील, त्यांचा दिवसाचा कितवा पेला चालू आहे याकडे जरा लक्ष ठेवा. पेले वाढले असतील तर "किती पितेस!" म्हणून हिणवू नका. "तुला थकवा येतो का?" असे विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथेच बसा.